कुलूप, किल्ली आणि मण्यार



तलासरीकडच्या एका पाड्यावर बैठकीत एका ताईने विचारलं, "सूज नाही, रक्त नाही, दाताची खूणही नाही. मग माझ्या दिराचे डोळे का उघडेनात?" रात्री पोट दुखतं म्हणून त्याला ओवा दिला होता. पहाटे पापण्या पडल्या, तेव्हा गाडी शोधली. तो वाचला, पण काही दिवस मशीनवर श्वास घेत होता. त्याला मण्यार चावली होती.

आपल्या गटाच्या पेटीला कुलूप असतं ना? तसंच शरीरात आहे. हात उचलायचा, श्वास घ्यायचा, तर नस स्नायूला निरोप पाठवते. तो निरोप म्हणजे असेटिलकोलिन नावाचं रसायन, ही किल्ली. स्नायूवर तिचं कुलूप असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. किल्ली लागली की स्नायू हलतो. मण्यारीच्या विषातला एक भाग या कुलपातच घट्ट बसतो, मग खरी किल्ली लागत नाही. दुसरा भाग नसेचं टोकच बिघडवतो, म्हणजे किल्ल्या येणंच बंद. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो.

गंमत अशी, की हे कुलूप शास्त्रज्ञांना सापडलं ते मण्यारीच्याच मदतीने. तैवानमधल्या मण्यारीचं विष त्यांनी गळासारखं वापरलं. वीज सोडणाऱ्या एका माशाच्या अंगात ही कुलपं खच्चून भरलेली असतात. त्यातून ती गळाला लावून वेगळी केली. मग जपानमध्ये नुमा यांच्या गटाने 1982 मध्ये माशाच्या कुलपाच्या एका भागाचा जनुक, म्हणजे तो भाग घडवण्याची कृती, शोधून वाचला. 1983 मध्ये माणसाचाही वाचला. चमचाभर विरजणातून भांडंभर दही होतं, तशा जिवाणूंमध्ये जनुकाच्या भरपूर नकला वाढवतात. यालाच क्लोनिंग म्हणतात. माशाच्या कुलपाची सगळी कृती हाती आल्यावर ती बेडकाच्या अंड्यात घातली, तर अंड्यावर तसंच कुलूप तयार झालं आणि किल्लीने उघडलं!

आपल्या कामाची गोष्ट आता ऐका. सापाच्या विषावरचं इंजेक्शन रक्तात फिरणारं विष पकडतं. पण एकदा बिघडलेलं नसेचं टोक ते दुरुस्त करत नाही. ते शरीरालाच हळूहळू करावं लागतं, तोवर मशीनचा आधार लागतो. म्हणून प्रत्येक तास मोलाचा.

डहाणूत आयसीएमआरच्या संशोधन केंद्राने सर्पदंशावर काम केलं आहे. त्यात भगतांनाही सोबत घेतलं. भगतबाबांना मान द्या, पण गाडी थांबवू नका.

पावसाळ्यात खाटेवर झोपा. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. जमिनीवर झोपलेल्या माणसाचं रात्री अचानक पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत बसू नका. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. 108 ला फोन लावा.

त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: खूण दिसत नाही, पण कुलूप बंद होत असतं.