एको बीच आणि आमची पेटी

मंडळी, पाश्चात्त्य संगीतावर लिहायचा तुम्हांला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर तयार आहे: काहीही नाही! आमच्या घरात गाणं म्हणजे बाबूजी, माणिक वर्मा, कुमारजी आणि गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी. तरीही टोरांटोच्या एका न्यू वेव्ह बँडशी आमचं पंचेचाळीस वर्षांचं नातं आहे, आणि गंमत म्हणजे ते आम्हांला गेल्या हिवाळ्यात कळलं. ती हकीकत सांगावी म्हणून हा लेख. लेख दोघांचा आहे. पेन एकीच्या हातात, चुका काढायचं काम दुसऱ्याकडे.

आम्ही टोरांटोत उतरलो १९७९ च्या नोव्हेंबरात. पार्कडेलमध्ये जेमसन अव्हेन्यूवर एका उंच इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर. ह्यांच्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, मुंबईचा सहा वर्षांचा अनुभव होता, पण 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' नावाची चीज नव्हती. (ती काय असते हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगायला नको.) मिळाली ती नोकरी खोके छापणाऱ्या एका कारखान्यात. समोरून छापील पुठ्ठे सरकत जायचे आणि शाई कुठे फिसकटली आहे का ते बघत उभं राहायचं. आठ तास! संध्याकाळी घरी आले की डोळे मिटल्यावरही पुठ्ठे दिसतात म्हणायचे.

शेजारच्या खोलीत एक कॉलेजचा मुलगा राहायचा. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि मधली भिंत पापडासारखी. १९८० च्या वसंतात त्याने एक गाणं आणलं आणि ते दिवसातून दहा वेळा लावायला लागला. सुरुवातीला गिटारची एक टोचणारी सुरावट, मधे सॅक्सोफोन, आणि एका बाईचा अगदी कोरडा, वर्तमानपत्र वाचल्यासारखा आवाज. आम्हांला त्यातले दोनच शब्द कळायचे: एको बीच. हे म्हणायचे, "बाईला सूर आहे, पण ताना घ्यायला कुणी शिकवलेलं दिसत नाही."

त्या उन्हाळ्यात रेल्वेचे रूळ आणि गार्डिनर एक्स्प्रेसवे ओलांडून आम्ही रोज संध्याकाळी सनीसाइडच्या किनाऱ्यावर जायचो. तिथं बसायला पैसे पडत नसत, हे मुख्य कारण. समोर लेक ऑन्टारियो, पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणजे समुद्रच म्हणायचा. फक्त खारा वास नाही. डोळे मिटले तर दादर चौपाटी, उघडले तर टोरांटो. पुष्कळदा आम्ही मिटलेलेच ठेवायचो.

आता ह्याच्या पुढची गोष्ट कळायला इतकी वर्षं लागली. ते गाणं होतं 'मार्था अँड द मफिन्स' ह्या टोरांटोच्याच बँडचं. लिहिलं होतं त्यांच्या मार्क गेन ह्या गिटारवादकाने. गाण्याची कल्पना त्याला सुचली तेव्हा तो एका कारखान्यात वॉलपेपर तपासायचं काम करत होता, छपाईत दोष आहे का ते बघायचं! त्या कंटाळ्यात त्याचं मन एका उन्हाळी संध्याकाळकडे गेलं, आणि ती संध्याकाळ होती सनीसाइडच्या किनाऱ्यावरची. एको बीच नावाचा किनारा त्याला नकाशात शोधावा लागला नाही. तो आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता.

लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा आमचे हे जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वॉलपेपर? म्हणजे आमच्याच खात्यातला माणूस निघाला की!"

न्यू वेव्ह म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगायचं तर आपल्याकडची नवकविता आणि लिटल मॅगझिनवाले आठवावेत. सत्तरीच्या मध्याला पंक संगीताने आरडाओरडा करून जुनं रॉक मोडून काढलं. त्याच्या मागोमाग जी मुलं आली त्यांनी राग ठेवला पण आवाज खाली आणला. लांबलचक गिटारवादन टाकलं, सिंथेसायझर घेतला आणि ऑफिस, बस, उपनगर, कंटाळा असले विषय गाण्यात आणले. आपल्याकडे अरुण कोलटकर जे.जे.तून आले, तसं ह्या मंडळींचं मूळ ऑन्टारियो कॉलेज ऑफ आर्टमध्ये. १९७७ साली बँड जमला. त्या काळचे पंक बँड भयंकर नावं घ्यायचे, म्हणून ह्यांनी मुद्दाम बेकरीतलं नाव घेतलं. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं. आपल्याकडच्या 'बाळ' आणि 'बेबी' ह्यांना हे वेगळं सांगायला नको! सुरुवातीच्या संचात दोन मार्था होत्या, मार्था जॉन्सन आणि मार्था लॅडली.

पहिला अल्बम 'मेट्रो म्युझिक' इंग्लंडमध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९८० साली आला. 'एको बीच' ब्रिटनमध्ये पहिल्या दहात पोचलं आणि १९८१ च्या जुनो पारितोषिकांत वर्षातल्या सर्वोत्तम सिंगलचा मान त्याला अ‍ॅन मरीच्या गाण्याबरोबर विभागून मिळाला. कॅनडाच्या रेडिओवर ३० टक्के गाणी कॅनेडियन असली पाहिजेत, हा नियम १९७१ पासून होता, आणि ब्रॅम्प्टनहून चालणारं सीएफएनवाय हे रेडिओ स्टेशन असल्या नव्या बँडना मनापासून वाजवायचं. मुलं मोठी होत असताना आपल्या गाड्यांमध्ये ज्या स्टेशनवरून भांडणं व्हायची, तेच ते.

खरा विषय पुढेच आहे. एक गाणं एवढं गाजल्यावर तेच पुन्हा पुन्हा करत राहायचं, हा सोपा मार्ग. ह्यांनी तो घेतला नाही. १९८१ चा 'धिस इज द आइस एज' हा अल्बम त्यांनी डॅनियल लान्वा ह्या हॅमिल्टनच्या तरुण निर्मात्याबरोबर केला. त्याची बहीण जोसलिन बँडमध्ये बेस गिटार वाजवायला आली. (हाच लान्वा पुढे यू-टू बँडच्या 'द जोशुआ ट्री'च्या निर्मात्यांपैकी एक झाला.) गाणी मोकळी झाली, दोन सुरांमधली जागा ऐकू यायला लागली. १९८३ च्या 'डान्सपार्क'मध्ये ताल पुढे आला. मग माणसं गळत गेली आणि मार्था जॉन्सन आणि मार्क गेन हे दोघेच उरले. त्यांनी नावही कापून 'एम अँड एम' केलं. १९८४ च्या 'मिस्टरी वॉक'मधलं 'ब्लॅक स्टेशन्स, व्हाइट स्टेशन्स' हे गाणं म्हणजे काळ्यांचं रेडिओ वेगळं आणि गोऱ्यांचं वेगळं ठेवणाऱ्यांना हाणलेली चपराक. ते अमेरिकेच्या नृत्यसंगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मग हे दोघं इंग्लंडात बाथ गावी राहिले, १९८६ चा अल्बम तिकडे केला, टोरांटोला परत आले, आणि १९९२ साली 'मॉडर्न ललबाय' काढला. मार्था जॉन्सनने १९९५ मध्ये लहान मुलांसाठी गाणी केली, त्यालाही जुनो मिळालं. आणि मग बँडच्या नावावर बरीच वर्षं नवा अल्बम नाही.

अठरा वर्षांनी, २०१० साली, 'डेलिकेट' आला. बँडचा नव्या गाण्यांचा हा आठवा आणि शेवटचा पूर्ण अल्बम. २०२१ मध्ये आलेला 'मार्थॉलॉजी' हा राहून गेलेल्या गाण्यांचा संग्रह, तो वेगळा. मधल्या काळात मार्था जॉन्सन ह्यांना पार्किन्सन्स झाला होता. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लोकांना सांगितली आहे.

आता आमच्या घराकडे येतो.

आमचे हे मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतात, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. साथीला बसले की गाणाऱ्याच्या चुका पोटात घालायच्या, ही त्यांची खासियत. तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. आधी वाटलं थंडी. मग वाटलं वय. मग डॉक्टरांनी नाव सांगितलं, तेच नाव. घरी येऊन ह्यांनी पेटीवर चादर घातली आणि बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी नेऊन ठेवली. मंडळाला "आता नव्या मुलांना संधी द्या" असा निरोप गेला. आम्हीही खोटं बोललो, "ह्यांना आता फारसं जमत नाही, कमरेचं दुखणं आहे." ते खोटं आज इथं परत घेतो.

गेल्या हिवाळ्यात लेक आली होती. तिने जेवणं झाल्यावर न बोलता 'डेलिकेट' लावला. आम्ही ओळखलं नाही. तिसऱ्या गाण्याला हे म्हणाले, "हा आवाज कुठं तरी ऐकलाय." लेक म्हणाली, "बाबा, ही तुमची ताना न घेणारी बाई." मग तिने सगळी कथा सांगितली, वॉलपेपरपासून हातापर्यंत.

ह्या अल्बममध्ये सॅक्सोफोनची ती धिटाई नाही, घाई नाही. आवाज वयाने खाली उतरलेला आहे आणि तो लपवलेला नाही. शब्द जवळ येऊन सांगितल्यासारखे. आमच्या कानांना तो पहिल्या गाण्यापेक्षा गाण्याच्या जास्त जवळ वाटला. त्यातल्या एका गाण्याचं नाव आहे 'लाइफ्स टू शॉर्ट टु लाँग फॉर समथिंग एल्स'. दुसऱ्याच कशाची तरी ओढ लावून घ्यायला आयुष्य पुरत नाही, असा त्याचा अर्थ. ज्यांची सुरुवात दूरच्या किनाऱ्याच्या ओढीने झाली, ते तीस वर्षांनी इथं येऊन पोचले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

हे म्हणाले, "कुमारजी."

कुमार गंधर्वांची गोष्ट आपल्याला नवी नाही. क्षयाने आजारी पडले, १९४८ साली देवासला आले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं. काही वर्षं अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची, वाटसरूंची लोकगीतं ऐकली. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस निकामी होतं. पूर्वीचा लांब दमसास परत मिळणार नव्हता. म्हणून लहान लहान, झपाट्याने येणाऱ्या स्वरवाक्यांचं एक वेगळंच गाणं त्यांनी उभं केलं. लोक त्यालाच कुमारांची गायकी म्हणतात. तुलना करायची म्हणून करत नाही. कुमारजी ते कुमारजी. पण उरलेल्या श्वासात काय बसतं ते बघायचं, हा प्रश्न देवासलाही होता आणि टोरांटोतही आहे.

दुसऱ्या दिवशी पेटी वर आली. उंदरांनी भात्याचा एक कोपरा कुरतडला होता, तो लेकीने चिकटवला. उजव्या हाताने पट्ट्यांवर बोटं ठरेनात. मग ह्यांनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि लेकीला म्हणाले, "तू भाता मार." डाव्या हाताला आयुष्यात भात्याखेरीज काही माहीत नव्हतं, पहिलीच्या मुलासारखा चाचपडायला लागला. सा लागला, रे लागला, ग चुकला. लेक भाता एवढ्या जोरात ओढायची की पेटी ओरडायची. "अगं, श्वास घेतल्यासारखा घे, पळत सुटल्यासारखा नको!" तासाभराने एक ओवी सरळ वाजली, निम्म्या लयीत.

आता दर रविवारी बसतात. द्रुत काही होत नाही, नाट्यगीत तर नाहीच. ज्या गाण्यांना पूर्वी हे "रटाळ" म्हणायचे तीच आता शोधून काढतात, आणि "ह्यात एवढं होतं हे कळलंच नव्हतं" म्हणतात. गेल्या महिन्यात चिटणीसबाईंचा फोन आला तेव्हा ह्यांनी स्वतः सांगितलं, "एक अभंग वाजवीन. हळू वाजवीन. भाता मारायला मुलगी येईल. चालेल का विचारा कमिटीला." उत्तर यायचं आहे. चालेल असं वाटतंय, आणि नाही चाललं तर आमचा रविवार आहेच.

आपल्या मंडळात आता साठी-सत्तरीच्या पुढचे पुष्कळजण आहेत. कुणाचा आवाज गेलाय, कुणाच्या बोटांनी संप केलाय, कुणाला तबला झेपत नाही. 'पूर्वीसारखं होत नाही' म्हणून किती वाद्यं आपल्या बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी पडली असतील कोण जाणे. आमची एक विनंती आहे. एकदा चादर काढून बघा. निदान उंदरांचा तरी बंदोबस्त होईल.

आणि उन्हाळ्यात सनीसाइडला या. आम्ही तिथंच बाकावर असतो. खारा वास अजून आलेला नाही, पण हल्ली आम्ही डोळे उघडे ठेवून बसतो.