विश्लेषण : जर्मनीतील मुस्लीम समाज एकसंध आहे का?

जर्मनीत स्थलांतर किंवा मशिदींवरून वाद पेटला की ‘मुस्लीम समाज’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. प्रत्यक्षात त्यात तुर्की कामगारांची नातवंडे आहेत, बोस्नियातून आलेली कुटुंबे आहेत आणि सीरियन निर्वासितही. या सर्वांच्या वतीने बोलायचे कोणी, हा तेथील सरकारपुढचा जुना पेच आहे.

संख्या किती?

चर्च-करामुळे कॅथलिक व प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांची नोंद सरकारदरबारी असते. मुस्लिमांची तशी नोंद नसल्याने सर्वेक्षणांवर विसंबावे लागते. स्थलांतर व निर्वासितविषयक केंद्रीय कार्यालयाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही संख्या ५३ ते ५६ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ६.४ ते ६.७ टक्के होती. त्यातील जवळपास निम्मे जर्मन नागरिक होते.

ते आले कुठून?

युद्धोत्तर भरभराटीत कारखान्यांना माणसे कमी पडू लागली. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, १९६३ मध्ये मोरोक्कोशी, १९६५ मध्ये ट्युनिशियाशी आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाशी कामगारभरतीचे करार केले. हे ‘पाहुणे कामगार’ काही वर्षांनी परततील, असे गृहीत होते. १९७३ मध्ये भरती थांबली. एकदा मायदेशी गेल्यास पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने अनेकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतले. पुढे इराण, लेबनॉन, अफगाणिस्तान, बोस्निया येथून आणि २०१५ च्या सुमारास सीरियातून निर्वासित आले. २०२१ च्या अभ्यासात तुर्की वंशाचे ४५ टक्के, तर मध्यपूर्व व आग्नेय युरोपातील प्रत्येकी सुमारे १९ टक्के होते.

पंथभेद किती?

सुमारे तीन चतुर्थांश सुन्नी आहेत. शिया, अहमदिया आणि मुख्यतः तुर्कस्तानातून आलेले अलेवीही आहेत. अलेवींची प्रार्थनापद्धती वेगळी असून त्यांतील काही जण स्वतःला मुस्लीम मानत नाहीत.

प्रतिनिधी कोण?

हा प्रश्न थेट शाळेच्या वर्गाशी जोडलेला आहे. राज्यघटनेनुसार बहुतेक राज्यांतील सरकारी शाळांत धर्मशिक्षण हा नियमित विषय असून, तो संबंधित धार्मिक समुदायाच्या तत्त्वांनुसार शिकवायचा असतो. चर्चसारखी एक अधिकृत संस्था इस्लाममध्ये नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘दितिब’ ही सर्वांत मोठी मशीद-संघटना, पण तिचे नाते तुर्की सरकारच्या धर्मव्यवहार खात्याशी. बहुसंख्य मुस्लीम तर कोणत्याच संघटनेचे सदस्य नाहीत. यातून मार्ग काढण्यासाठी २००६ मध्ये सरकारने ‘जर्मन इस्लाम परिषद’ सुरू केली. तुर्कस्तानातून इमाम पाठवणे टप्प्याटप्प्याने थांबवून जर्मनीतच इमाम घडवण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये ठरले.

पुढे काय?

जून २०२४ पासून मूळ देशाचे नागरिकत्व न सोडता जर्मन नागरिक होता येते. पहिल्या पिढीतील अनेक तुर्की कामगारांना ही सवलत मिळाली ती आयुष्याच्या उतरणीला. त्यांची नातवंडे मात्र मतदार आहेत. त्यांच्यासाठी धोरण आखताना एका संघटनेशी बोलून भागणार नाही.