वीजबिल वाढलं, पण कंपनी बदलायची कुठे?

साताऱ्यात किंवा सांगलीत बिल पाहून ‘कंपनी बदलू’ म्हणाल, तर दुसरी कंपनी आहेच कुठे? घरगुती वीज महावितरणच देते. मुंबई उपनगरात अदानी की टाटा, अशी निवड करता येते. दर मात्र तिथेही वीज नियामक आयोगच ठरवतो.

आपल्याकडे खरा खेळ १०० युनिटांचा. महिन्याला तेवढी वीज स्वस्त, पुढच्या प्रत्येक युनिटाला दुपटीहून अधिक दर. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणून टीव्हीपेक्षा गिझरवर लक्ष ठेवा. स्वतःचं छत असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर पॅनेलला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. फ्लॅटवाल्यांना आधी गच्चीसाठी सोसायटीला राजी करावं लागतं, आणि ते सोपं नाही.