मऊ दगडाची मेंगा

दक्षिण स्पेनमधल्या अंतेकेरा शहराच्या वेशीवर मातीचा एक उंचवटा आहे. त्याच्या पोटात मेंगा ही दफनवास्तू दडलेली आहे. इसवीसनपूर्व ३८०० ते ३६०० या काळात नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी ती ३२ महाशिळांनी उभी केली. छतावरची सर्वांत मोठी शिळा सुमारे १५० टनांची आहे! बांधणाऱ्यांच्या हाताशी होती ती दगडी हत्यारं, लाकूड आणि दोर.

एवढं कळलं की कुणीही विचारतो, किती माणसं खपली असतील? मला मात्र त्यांच्या डोक्याचं नवल अधिक वाटतं. २०२४ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात स्पॅनिश संशोधकांनी मेंगाच्या बांधणीचा अभ्यास मांडला, तो वाचताना हे नवल वाढतच जातं. इथला बराचसा दगड मऊ आणि सच्छिद्र आहे. एक हिसका बसला तरी तडा जायचा. खाण जवळच, पण वास्तूपेक्षा उंचावर. म्हणजे खरी पंचाईत शिळा ओढण्याची नव्हती, उतारावर तिला आवरून धरण्याची होती. त्यासाठी लाकडाची सपाट वाट अंथरली असावी, असं संशोधक म्हणतात.

भिंतीच्या शिळा खडकात खोदलेल्या खाचांमध्ये उतरवल्या आहेत, काही तर उंचीच्या जवळजवळ एक तृतीयांश. सगळ्या किंचित आत कललेल्या. कडा अशा तासल्या आहेत की प्रत्येक शिळा शेजारणीत घट्ट अडकते. एकटी हलूच शकत नाही. त्या मोठ्या छतशिळेचा वरचा भाग मध्ये फुगीर आणि कडांकडे उतरता ठेवलाय. त्यामुळे वरच्या मातीचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. कमानीमागचं तत्त्व याहून वेगळं नाही. आणि वरची माती? तीही नुसती लोटलेली नाही. दगड आणि दाबून बसवलेली माती यांचे थरांवर थर आहेत. ते पाणी आत झिरपू देत नाहीत, म्हणून हा मऊ दगड आजवर टिकला.

इबेरियातल्या अशा बहुतेक दफनवास्तूंची तोंडं उगवतीकडे असतात. मेंगाचं दार मात्र ईशान्येला, 'ला पेन्या दे लोस एनामोरादोस' या डोंगराकडे उघडतं. दुरून तो उताण्या निजलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. युनेस्कोने २०१६ मध्ये मेंगाला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा शेजारच्या व्हिएरा आणि एल रोमेराल या दफनवास्तूंबरोबर हा डोंगर आणि एल तोरकालचे खडकही यादीत घेतले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. दार आणि डोंगर यांच्यामधली मोकळी नजरही त्यामुळे वारशात आली. म्हणूनच तिथल्या संग्रहालयाची इमारत परिसराच्या मानाने थोराड ठरली, तेव्हा तिची उंची कमी करावी लागली.