साखरेच्या पुडीत औषध लपले असेल तर रक्तात सापडते

आठवडी बाजारात, यात्रेत 'शुगर मुळापासून बरी' म्हणून जडीबुटीच्या पुड्या विकल्या जातात. काहींना त्याने चार दिवसांत फरकही पडतो. पण अशा काही पुड्यांत मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड या डॉक्टरी गोळ्यांची भुकटी मिसळलेली असते. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी हे पकडले आहे. गुण जडीबुटीचा नाही, गोळीचा असतो. आणि किती पोटात गेली त्याला माप नाही.

सिंगापुरात २००८ साली काय झाले पाहा. मधुमेह नसलेले १५० जण साखर एकदम उतरून दवाखान्यात आले. चौघे दगावले. तपासात बहुतेकांच्या रक्तात ग्लिबेनक्लामाइड निघाले. ते आले होते ताकदीच्या बेकायदा गोळ्यांतून!

तपासणी कशी होते?

ग्लुकोमीटर फक्त साखर दाखवतो, औषध नाही. औषध शोधायला रक्त मोठ्या प्रयोगशाळेत जाते. तिथे नळी यंत्रात गरगर फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहते. त्यात रसायन घालून प्रथिने साकळवतात, दूध फाटते तशी. उरलेला निवळ द्रव बारीक भुकटी भरलेल्या नळीतून दाबाने सोडतात. प्रत्येक औषध आपापल्या वेळेला बाहेर पडते, आणि पुढचे यंत्र त्याच्या रेणूचे वजन ओळखते. मेटफॉर्मिनचे १२९, ग्लिबेनक्लामाइडचे ४९४. माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्याशी ताडून किती औषध आहे तेही कळते.

द्राक्ष बागायतदारांना हे तंत्र नवे नाही. २०१० साली सीसीसीच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. असे अवशेष शोधायला याच जातीचे यंत्र लागते.

धोका कुठे आहे?

ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावते. त्याचा असर दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो. म्हणून साखर खाऊन बरे वाटले तरी ती पुन्हा उतरू शकते. मेटफॉर्मिन लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर जाते. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते साठते आणि रक्तात आम्ल वाढू शकते. उपाशीपोटी उन्हात राबणारा आणि म्हातारा माणूस, दोघांनी जास्त जपावे.

एवढे ध्यानात ठेवा

१) घाम, थरथर, भूक, बरळणे दिसले तर माणूस शुद्धीवर असताना साखर किंवा गुळाचे पाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, तडक दवाखाना गाठा.

२) बरे वाटले म्हणून लगेच घरी आणू नका.

३) पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. कोणते औषध शोधायचे ते त्यावरून ठरते. रक्त लवकर घेतलेले बरे; वेळ जाईल तसे औषध उतरत जाते.

४) डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका. तीच गोळी आणि वर पुडी, म्हणजे डोस दुप्पट.

ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशा ताई यांनाही विनंती. गावात अशी पुडी विकायला आली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांना कळवा. खताच्या पोत्यावर छापील माहिती नसेल तर आपण ते घेत नाही. मग पोटात जाणारी पुडी बिनछापाची कशाला घ्यायची?