कोंबडा आरवला आणि शिखर राहिलं

अंबरनाथच्या शिवमंदिरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: पांडवांनी एका रात्रीत, एकाच दगडातून बांधलं. कोंबडा आरवला, पांडव काम तसंच टाकून निघाले. पुरावा? गाभाऱ्यावर शिखरच नाही. पायऱ्या उतरून खाली पिंडीपाशी गेलं की उजेड वरून येतो, मग कथेवर अविश्वास दाखवायचा कसा?

गंमत अशी की बांधणाऱ्यांची नोंद देवळातच आहे. उत्तरेकडच्या दारावर शिलालेख आहे: शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, आणि राजा शिलाहार मम्मुणी. एका दगडाचं म्हणाल, तर भिंतीवरून हात फिरवला तरी दगडांचे सांधे लागतात. पण दारावरची अक्षरं वाचता येणारे संपले आणि डोळ्यांना दिसणारं उघडं छत तेवढं उरलं. पांडवांची कथा या उघड्या छताचा खुलासा करते, शिलालेख करत नाही. शिकलेल्यांचीही एक दंतकथा आहेच, ‘हेमाडपंती मंदिर’! हेमाद्री तेराव्या शतकातला, हे देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं, भूमिज शैलीतलं.

पांडवच का? वनवासात ते गावोगाव हिंडले. कोणत्याही गावाने म्हणावं, एक रात्र इथेही थांबले होते. डोंबिवलीजवळच्या खिडकाळीचं महादेव मंदिरही त्यांच्याच नावावर, नाशिकची बौद्ध लेणीही ‘पांडवलेणी’. आयर्लंडच्या खेड्यांत हाच मान दिअरमद आणि ग्रानिया या पळून गेलेल्या जोडप्याला. तिथल्या माळांवरची अश्मयुगीन दगडी थडगी म्हणजे त्यांच्या एकेका रात्रीच्या शेजा, असं लोक सांगत आले.

टिटवाळ्याला पांडव नाहीत, शकुंतला आहे. कण्वांचा आश्रम इथेच होता आणि दुष्यंताने ओळख नाकारलेल्या शकुंतलेने गणपती पुजला, असं सांगतात. म्हणून लग्न जमण्यासाठी आजही इथे नवस बोलतात. पुढे तळ्याच्या गाळातून मूर्ती वर काढण्याचा मान कथेने पेशव्यांना दिला.

कल्याणच्या दुर्गाडीला मात्र पुराणापर्यंत जावं लागलं नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. किल्ल्याचा पाया खणताना धन सापडलं, ती दुर्गादेवीची कृपा, म्हणून नाव दुर्गाडी, अशी आख्यायिका. हिशेब चोख आहे: कल्याणच्या खाडीत गलबतं बांधायची तर पैसा हवा, तो कथेने जमिनीतूनच काढून दिला.