एकविसावा वाढदिवस

अमेरिकेत एडिसनला मावसबहिणीकडे गेले, तेव्हा थोरल्या भाचीचा २१वा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता. घरात केकचा विषय नव्हता. जेवणाच्या टेबलावर निळी फाइल उघडी पडलेली: पासपोर्ट, आय-९४, कॉलेजकडून आलेला आय-ट्वेंटी. भाची अडीच वर्षांची असताना पुण्याहून तिकडे गेली. धाकटा तिथेच जन्मला, म्हणून तो अमेरिकन नागरिक. एकाच आईची दोन लेकरं. पण वाढदिवशी हिचा एच-फोर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणारा व्हिसा, संपणार, आणि त्याआधी दुसऱ्या व्हिसाची सोय झाली नाही तर देश सोडावा लागणार तो हिला एकटीला.

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात ‘मूल’ म्हणजे २१ वर्षांखालचं, अविवाहित. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात आणि एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला त्यातली ढोबळमानाने ७ टक्के. देश आइसलँड असो वा भारत, टक्का तोच. त्यामुळे आपल्या लोकांची रांग दशकाहून लांब. ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत असला आणि नोकरी टिकली, की आईबापांचा एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, वाढवून मिळतो. मुलांचं वय कोण थांबवणार? २००२च्या कायद्याने वयातून काही दिवस वजा होतात, पण सरकारने अर्ज तपासायला घेतले तेवढेच. रांगेत गेलेली वर्षं धरत नाहीत. तिथली मराठी मंडळी याला ‘एज आउट होणं’ म्हणतात आणि दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडून रांगेची तारीख सरकली का बघतात.

दुसऱ्या एका घरात मात्र याच वाढदिवसाची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली जाते. आई वीस वर्षांपूर्वी मेक्सिकोतून कागदपत्रांविना आलेली, मुलगा अमेरिकेत जन्मलेला. नागरिक मुलगा २१चा झाला की आईसाठी अर्ज करू शकतो. ‘तिकडे मूल झालं की आईबाप सुटले’ हा समज आपल्याकडेही सर्रास ऐकू येतो. तो खरा नाही. लपून सीमा ओलांडलेल्या माणसाला सहसा अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड घेता येत नाही; मुलाखतीसाठी मेक्सिकोत, सिउदाद हुआरेझच्या अमेरिकन वकिलातीत जावं लागतं. आणि ती सीमेपलीकडे गेली, की ३० सप्टेंबर १९९६ रोजी क्लिंटन यांनी सही केलेला कायदा आडवा येतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहिलात तर ३ वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर १० वर्षं परत येता येत नाही. कागद सरळ करायला निघालेल्या बाईच्याच तोंडावर दार बंद होतं.

बंदीतून सूट मागता येते. त्यासाठी ताटातुटीने कुणाचे तरी अतोनात हाल होतील, हे सिद्ध करायचं. कुणाचे? नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या नवऱ्याचे, बायकोचे, नाहीतर आईवडिलांचे. त्या यादीत मूल नाही. मी ते कलम तीनदा वाचलं. ज्या पोराने अर्ज केला, त्याच्याच हालांना तिथे किंमत नाही, आणि हे मला अजूनही पचत नाही.

मुलांचे हाल विचारात घेतात ते हद्दपारीचा खटला उभा राहिल्यावर. तिथे १० वर्षांचं वास्तव्य लागतं. १९९६पूर्वी ७ वर्षं पुरायची. हालही साधे चालत नाहीत, अगदी असामान्य असावे लागतात, आणि असा दिलासा वर्षाला फार तर ४ हजार जणांना. खटला दिवाणी स्वरूपाचा, म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळत नाही.

सॅन डिएगो आणि तिहुआना यांच्या मधोमध, कुंपणालगत फ्रेंडशिप पार्क आहे. ताटातूट झालेली घरं तिथे भेटायची. जाळी इतकी बारीक, की करंगळीचं टोक जेमतेम टेकायचं. आई आणि लेक तेवढंच टेकवून उभी राहायची.

भाचीला विद्यार्थी व्हिसा मिळाला. शिक्षण संपलं की पुन्हा नवी मुदत, नवी धाकधूक. व्हिसा आला त्या रात्री चौदा वर्षांचा धाकटा वही घेऊन बसला. सात वर्षांनी तो २१चा होईल आणि आईबाबांसाठी अर्ज करेल. नागरिकांच्या आईवडिलांना रांग नाही. बहिणीसाठीही करेल, पण भावंडांच्या रांगेत भारतीयांना आज वीसेक वर्षं लागतात. त्याने बेरीज मांडली आणि वही आईपुढे सरकवली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ताई, ४८.